अर्धवेळ नोकरी शोधून का सापडत नाही

शाळा साधारण सहा तासांची असते. नोकरी आठ तासांची. तिच्यात जेवणाची सुट्टी आणि जाण्यायेण्याचा दीड तास मिळवला की ती साडेदहा तासांची होते. म्हणजे रोज साडेचार तास मुलाला कोणाच्या तरी हवाली करावे लागते. वर्षाचा हिशेबही असाच बसत नाही. ५२ आठवड्यांचे कामाचे दिवस २६०; त्यातून २० दिवस रजा आणि १० दिवस सार्वजनिक सुट्ट्या वजा केल्या तर २३० उरतात. शाळा भरते १९० ते २०० दिवस. उरलेल्या तीसचाळीस दिवसांत नोकरी चालू असते आणि शाळेला कुलूप असते. आईबाप दोघेही नोकरी करत असतील तर हा खड्डा कोणी घरातल्या मोठ्या माणसांच्या भरवशावर बुजवतो, कोणी पाळणाघराच्या, कोणी एकमेकांच्या उलटसुलट शिफ्ट लावून. ज्यांना यातले काहीच जमत नाही ते म्हणतात, अर्धवेळ नोकरी बघू. बघायला निघाले की ती कुठे दिसतच नाही.

ही टंचाई खरी आहे, पण ती अर्धवेळ कामाची टंचाई नव्हे. अर्धवेळ काम भरपूर असते. दुकानाच्या गल्ल्यावर, हॉटेलच्या किचनमध्ये, कॉल सेंटरमध्ये, सामान पोचवणाऱ्या कंपन्यांत माणसे सतत भरली जातात आणि त्यातली बरीच चारपाच तासांच्या शिफ्टवर. पण ती शिफ्ट संध्याकाळी सहा ते अकरा, नाहीतर शनिवार-रविवार. गिऱ्हाईक जेव्हा येते तेव्हाच माणूस लागतो, आणि गिऱ्हाईक येते ते इतर लोक कामावरून सुटल्यावर. मुलांना घरी सांभाळायची वेळही तीच. शिवाय बऱ्याच ठिकाणी पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक दोनतीन दिवस आधी हातात पडते. सॉफ्टवेअर गर्दीचा अंदाज बांधते आणि त्याप्रमाणे माणसे कमीजास्त करते. उद्या मूल कोणाकडे ठेवायचे हे आज रात्री ठरवता येत नाही, आणि महिन्याचे पैसे घेणारे पाळणाघर शिफ्टप्रमाणे हलत नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने २०१७ पासून किरकोळ विक्री आणि खाद्यपदार्थांच्या मोठ्या साखळ्यांना वेळापत्रक १४ दिवस आधी देणे बंधनकारक केले, ते याच दुखण्यावर.

म्हणून एकाच शहरात दोन उलट तक्रारी ऐकू येतात. एकीकडे अर्धवेळ काम करणारा म्हणतो, मला पूर्ण तास मिळत नाहीत. दुसरीकडे पूर्णवेळ काम करणारी म्हणते, मला तास कमी करून मिळत नाहीत. या दोघांनी जागा बदलल्या तर प्रश्न सुटेल असे वाटते, पण सुटत नाही, कारण ती कामेच वेगळी आहेत. पहिले काम तासांवर विकत घेतलेले असते आणि त्याला पगार कमी असतो. दुसऱ्यात शिक्षण, अनुभव, जबाबदारी आणि बरा पगार असतो, पण ते पूर्णवेळच्याच मापात शिवलेले असते. टंचाई आहे ती या दोहोंच्या मधल्या जागेची: अनुभवाचे काम, ठरलेल्या वेळेत, आठवड्याला वीस ते बत्तीस तास.

मालकाचा हिशेब तासांवर नसतो, डोक्यांवर असतो

ही मधली जागा का तयार होत नाही हे समजायला मालकाच्या वहीत डोकवावे लागते. माणूस ठेवायचा म्हणजे दोन प्रकारचे खर्च. एक तासांबरोबर कमीजास्त होतो: पगार. दुसरा माणशी एकदाच बसतो, मग तो माणूस दहा तास काम करो की चाळीस: भरतीचा खर्च, शिकवण्यात गेलेले आठवडे, टेबलखुर्ची, लॅपटॉप, सॉफ्टवेअरचे लायसन्स, पगारपत्रकाचे काम, वर्षाचे अप्रेझल आणि साहेबाचा वेळ.

आकडे घेऊन पाहू. पूर्णवेळ माणसाचा पगार १०० धरा आणि माणशी स्थिर खर्च २०. एकूण १२०. आता त्याच कामाला दोन अर्धवेळ माणसे घेतली तर पगार ५० अधिक ५०, पण स्थिर खर्च २० अधिक २०. एकूण १४०. काम तेवढेच, खर्च जवळपास १७ टक्के जास्त. मालक नाक मुरडतो ते इथे. मात्र हाच हिशेब पाचाऐवजी चार दिवस काम करणाऱ्याला लावा. पगार ८०, स्थिर खर्च २०, मिळून १००, आणि त्यात काम ८० टक्के. पूर्ण कामाच्या मापाने तो खर्च १२५ पडतो. म्हणजे १२० च्या तुलनेत फक्त ४ टक्क्यांनी महाग. तीन दिवसांचा, म्हणजे ६० टक्क्यांचा आकडा मध्ये बसतो: सुमारे ११ टक्के.

या तीन आकड्यांत बरेच काही दडलेले आहे. तास जसजसे कमी होतात तसतसा जादा खर्च नुसता वाढत नाही, शेवटी शेवटी भराभर वाढतो. ‘अर्धवेळ’ या शब्दाने आपण नेमकी मालकाला सगळ्यात महाग पडणारी मागणी करतो. एक दिवस कमी मागणाऱ्याचे काम त्यामानाने सोपे असते. स्थिर खर्च जिथे जास्त, म्हणजे वर्षभर शिकवून तयार करावी लागणारी माणसे, महागडी यंत्रे, तिथे हे अंतर आणखी रुंदावते. यंत्र मात्र दोघांना आलटून पालटून वापरता येत असेल तर गणित उलटते. दंतवैद्याची एक खुर्ची सकाळी एक डॉक्टर वापरतो आणि संध्याकाळी दुसरा. तिथे अर्धवेळ माणूस अडचण ठरत नाही, सोय ठरतो.

पगाराच्या वहीबाहेरही खर्च आहेत. सहा माणसांच्या गटात प्रत्येकाचा प्रत्येकाशी संवाद धरला तर १५ जोड्या होतात. तेच काम बारा अर्धवेळ माणसांत वाटले तर ६६. चार तासांच्या पाळीत अर्धा तास चार्ज देण्याघेण्यात गेला तर पाळीचा आठवा हिस्सा संपला. आठ तासांच्या पाळीत तोच अर्धा तास सोळावा हिस्सा असतो. प्रत्येक निर्णयापाशी ‘ती उद्या येईल तेव्हा विचारू’ असे होऊ लागले की बाकीचे सहकारी कुरकुरतात, आणि मालकापेक्षा ही कुरकुरच पुष्कळदा तास कमी करण्याचा अर्ज फेटाळायला कारण होते.

त्यात कायद्याच्या रेघा. अनेक देशांत विमा, निवृत्तिवेतन किंवा इतर हक्क ठरावीक तासांच्या किंवा कमाईच्या वर गेले की लागू होतात. अमेरिकेत ५० किंवा अधिक पूर्णवेळ कर्मचाऱ्यांइतका पसारा असलेल्या मालकाला आठवड्याला ३० तास काम करणाऱ्यांना आरोग्यविमा देऊ करावा लागतो, नाहीतर दंड. साहजिकच काही मालक माणसाला २८-२९ तासांवरच अडकवून ठेवतात. जर्मनीतल्या ‘मिनीजॉब’मध्ये कमाई एका मर्यादेच्या आत असली तर कामगाराच्या खिशातून फारसे काही कापले जात नाही, ती रेघ ओलांडली की कपात सुरू होते, म्हणून लोकच रेघेच्या अलीकडे थांबतात. रेघ कुठेही आखा, तिच्या अलीकडे गर्दी होते आणि पलीकडे थोडी जागा ओसाड पडते. आईबापांना हवे असलेले पंचवीस-तीस तास नेमके त्या ओसाड पट्ट्यात येतात.

जास्त तासांना जास्त भाव देणाऱ्या नोकऱ्या

काही पेशांत मात्र स्थिर खर्चाने सगळे उलगडत नाही. बड्या वकिली फर्म, सल्लागार कंपन्या, गुंतवणूक बँका इथे खर्च हा प्रश्नच नसतो. तिथे आठवड्याला साठ तास देणाऱ्याला तीस तास देणाऱ्याच्या दुपटीहून बरेच जास्त मिळते. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांनी अशा नोकऱ्यांना ‘लोभी’ म्हटले आहे; श्रमाच्या बाजारात स्त्रियांचे काय होते या अभ्यासासाठी त्यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. लोभी कशासाठी? माणसाच्या सगळ्या वेळेसाठी. अशिलाचा फोन रात्री दहाला आला तर त्याच वकिलाने उचलायचा, कारण प्रकरण त्याच्याच डोक्यात आहे. दुसऱ्याच्या हाती दिले तर समजावण्यात दिवस जाईल. मूल झाल्यावर दोघांनीही अशी नोकरी करणे अशक्य होते. मग एकजण लोभी नोकरीत राहतो आणि दुसरी, बहुधा आईच, लवचीक पण कमी पगाराच्या कामाकडे सरकते. दोघांनी मधली वाट धरायची म्हटले तर घरात येणारा पैसा जास्तच घटतो, कारण लोभी नोकरीतले पहिले तास स्वस्त असतात आणि शेवटचे महाग.

याच्या उलट टोकाला औषधनिर्माते, म्हणजे फार्मासिस्ट. गोल्डिन आणि अर्थशास्त्रज्ञ लॉरेन्स कॅट्झ यांनी अमेरिकेतल्या या पेशाचा अभ्यास केला. पूर्वी दुकान औषधनिर्मात्याच्याच मालकीचे, गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचे, औषधाच्या पुड्या त्याच्या हातच्या. पुढे औषधे कारखान्यातून तयार येऊ लागली, गिऱ्हाइकाची नोंद संगणकात गेली, दुकाने साखळ्यांच्या आणि रुग्णालयांच्या हाती गेली. आता सकाळचा औषधनिर्माता गेला आणि दुपारची आली तरी गिऱ्हाइकाला फरक पडत नाही. परिणाम असा की त्या पेशात अर्धवेळ काम करणाऱ्याचा तासाचा दर पूर्णवेळच्या जवळपास आहे, आणि अर्धवेळ काम करणाऱ्या आयाही पुष्कळ आहेत.

कुठल्याही पेशाला लावता येईल अशी कसोटी यातून हाती येते. ‘हे काम किती तासांचे आहे’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘हे काम मधूनच दुसऱ्याच्या हाती देता येते का’ हे विचारा. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, तासिकेवरचा शिक्षक, पगारपत्रक करणारा लेखापाल, सॉफ्टवेअरची चाचणी घेणारी, रुग्णालयातली क्ष-किरण तंत्रज्ञ यांचे काम देता येते. ज्याच्या डोक्यातच सगळी फाइल आहे त्याचे देता येत नाही. पण डोक्यातली फाइल कागदावर आणली तर येते, आणि अर्ज करणाऱ्याला स्वतःच्या हाताने करता येण्यासारखी ही एक गोष्ट आहे.

जाहिरात का निघत नाही

अर्धवेळ काम करणारी माणसे चांगल्या कचेऱ्यांतही दिसतात. पण चौकशी केली तर कळते की यातले बहुतेक जण पूर्णवेळ म्हणून लागले आणि नंतर तास कमी करून घेतले. आत असलेल्यांना मिळते, बाहेरच्यांना मिळत नाही.

कारण साधे आहे. पाच वर्षे काम केलेल्या बाईला एक दिवस कमी द्यायचा की तिला गमावून नव्या माणसाला सहा महिने शिकवायचे, या तुलनेत पहिला पर्याय स्वस्त पडतो. अनोळखी उमेदवाराबद्दल मालकाला काहीच ठाऊक नसते, म्हणून तो खुणा शोधतो. मुलाखतीत ‘तास कमी होतील का’ असे विचारणाऱ्याला कामाची ओढ नाही, असा अर्थ काढला जातो. हा अर्थ पुष्कळदा चुकीचा असतो, पण सगळे तसाच काढतात म्हणून उमेदवारही विचारत नाहीत. आणि कोणी विचारत नाही म्हणून कंपनीला वाटते, मागणीच नाही. एकट्या कंपनीने जाहिरातीत ‘अर्धवेळ चालेल’ असे लिहिले तर कमी तास हवे असलेले सगळे तिच्याकडेच येतील ही तिला भीती. सगळ्यांनी एकदम लिहिले तर कोणावरच भार पडणार नाही, पण पहिला कोण?

स्वित्झर्लंडमध्ये ही कोंडी बरीचशी सुटलेली दिसते. तिथल्या जाहिरातीत पदाच्या नावापुढेच टक्केवारी छापलेली असते: ‘८० ते १०० टक्के’ किंवा ‘६० टक्के’. त्यामुळे उमेदवाराला तोंड उघडावे लागत नाही आणि तास ही पगारासारखीच एक बोलणीची बाब होते.

कायद्यांचा रोख मात्र मुख्यतः आतल्या माणसांवर राहिला आहे. नेदरलँड्समध्ये २००० पासून कर्मचारी तास कमी किंवा जास्त करून मागू शकतो आणि मालकाला नकारासाठी धंद्याचे सबळ कारण दाखवावे लागते. २०१६ मध्ये त्या कायद्याला आणखी व्यापक रूप आले. आज प्रगत देशांत अर्धवेळ कामाचे प्रमाण तिथे सगळ्यात जास्त आहे, नोकरी करणाऱ्या निम्म्याहून अधिक स्त्रिया अर्धवेळ आहेत आणि पुरुषांतही ते इतर देशांपेक्षा बरेच आहे. स्वीडनमध्ये लहान मुलांच्या आईबापांना तास पाऊणपटीपर्यंत कमी करण्याचा हक्क १९७९ पासून आहे. ब्रिटनमध्ये २००३ मध्ये लहान मुलांच्या पालकांना तसा अर्ज करण्याचा हक्क मिळाला, २०१४ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्याच दिवशी अर्ज करता येतो. वर्षात दोनदा, आणि मालकाने दोन महिन्यांत उत्तर द्यायचे. इथे शब्द नीट वाचावा: हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही.

कडक हक्काला दुसरी बाजूही असते. स्पेनने १९९९ मध्ये लहान मुले असलेल्या कर्मचाऱ्यांना तास कमी करण्याचा हक्क आणि त्या काळात नोकरीवरून न काढण्याचे संरक्षण दिले. हक्क वापरला तो जवळजवळ सगळा आयांनी. नंतरच्या अभ्यासात दिसले की मूल होण्याच्या वयाच्या स्त्रियांना कायम नोकरीत घ्यायला मालक बिचकू लागले. दोष हक्काचा नव्हता, तो एकाच बाजूने वापरला गेला याचा होता. बापही तेवढ्याच संख्येने चार दिवसांवर गेले असते तर मालकाला टाळायला कोणी उरले नसते.

अर्ज कसा करावा

वरचे सगळे लक्षात घेतले तर नवी अर्धवेळ नोकरी शोधत बसण्यापेक्षा हातात असलेली नोकरी कापून बेतणे सोपे. त्यासाठी आधी दोन आठवडे स्वतःच्या कामाची नोंद ठेवा, अर्ध्या अर्ध्या तासाची. मग ती तीन वाट्यांत घाला. पहिल्यात ठरलेल्या वेळीच करावी लागणारी कामे: बैठक, पाळी, काउंटर. दुसऱ्यात मुदतीची कामे, म्हणजे शुक्रवारपर्यंत अहवाल. तो सोमवारी लिहिला काय, बुधवारी काय, सारखेच. तिसऱ्यात ताबडतोब उत्तर मागणारी. तिसरा वाटा एकूण वेळेच्या चौथ्या हिश्शाहून मोठा असेल तर दिवस कमी करणे अवघड जाईल. रोजचे तास कमी करणे जमेल. दुसरा वाटा मोठा असेल तर उलट, पूर्ण दिवस सुटी घेता येते. दिवस कमी करायचा की रोजचे तास, हे बहुतेक जण सोयीने ठरवतात. ठरवायला हवे ते या वाट्यांवरून.

पुढे सगळ्यात जास्त अर्ज जिथे बुडतात ती पायरी: कोणते काम सोडणार? ‘मी चार दिवसांत सगळे बसवीन’ असे लिहिले की साहेब खूश होतो आणि अर्जदार फसतो. पगार ८० टक्के होतो, काम १०० टक्केच राहते आणि उरलेला दिवस रात्री लॅपटॉपवर भरून निघतो. तासांच्या दरात मोजा. पगार ६० टक्के झाला आणि आठवड्याला २४ ऐवजी प्रत्यक्षात ३२ तास काम झाले, म्हणजे ४० तासांच्या ८० टक्के, तर तासाचा दर मूळच्या ७५ टक्के झाला. चौथा हिस्सा पगार गेला आणि तो कुठल्याही कागदावर दिसत नाही. म्हणून अर्जात सोडायच्या कामांची नावे हवीत आणि प्रत्येकापुढे काय होणार तेही: हे अमक्याकडे जाईल, हे महिन्यातून एकदाच होईल, हे बंद केले तरी कोणी विचारणार नाही. शेवटच्या प्रकारची कामे प्रत्येक कचेरीत निघतात.

अर्जाची वेळही महत्त्वाची. पुढच्या वर्षाचे बजेट ठरायच्या दोनतीन महिने आधी मागणी केली तर सुटलेल्या २० टक्के पगारातून साहेबाला कोणाचे तरी तास वाढवता येतात. बजेट झाल्यावर त्या पैशाला हात लावता येत नाही, मग त्याच्या दृष्टीने तुमचा दिवस नुसताच बुडाला. आणि तीन महिन्यांची चाचणी मागा, आधीच ठरवलेल्या दोनतीन मोजमापांसह: किती प्रकरणे निकाली, किती उशिरा, किती तक्रारी. ‘बघू, कसे जमते ते’ ही चाचणी नव्हे, कारण तिचा निकाल ज्याच्या त्याच्या मनावर असतो.

पाच दिवसांचे काम चार दिवसांत, रोज दहा तास, असा पर्याय पुढे आला तर सावध राहावे. ते अर्धवेळ नव्हे. तास तेवढेच आहेत. दहा तास काम, वर जेवण आणि प्रवास म्हणजे चार दिवस मूल झोपेतच दिसणार. वर्षाच्या तासांवर केलेला करार मात्र शाळकरी मुलांच्या पालकांना खरेच उपयोगी पडतो: शाळेच्या आठवड्यांत काम, लांब सुट्टीत नाही, आणि वर्षाचा पगार बारा समान भागांत. यात एकच खोच आहे. वर्षाच्या मध्ये नोकरी सोडली तर झालेले काम आणि मिळालेला पगार जुळत नाहीत. कोण कोणाला किती देणे लागतो ते कसे काढायचे, हे करारात आधी लिहून घ्यावे.

दोघांत एक नोकरी

हाताखाली माणसे असलेले किंवा रोज कोणीतरी हजर हवेच असे पद असेल तर एक जागा दोघांनी वाटून घेण्याचा मार्ग आहे. सर्वांत टिकणारी मांडणी ५०-५० ची नाही, ६०-६० ची आहे. एकजण सोमवार ते बुधवार, दुसरा बुधवार ते शुक्रवार. बुधवारी दोघे असतात, आणि त्या दिवशी बैठका, चार्ज, अवघड निर्णय उरकतात. मालकाला २० टक्के पगार जादा द्यावा लागतो, वर दुसऱ्या माणसाचा स्थिर खर्च. त्याला पटवायचे ते या मुद्द्यावर की एकाच्या रजेत आणि आजारपणात जागा कधीच पूर्ण रिकामी राहत नाही, आणि एक नोकरी सोडून गेला तरी कामाची माहिती दुसऱ्याकडे उरते.

ही जोडी मोडते ती ठरावीक ठिकाणी. दोघांच्या वेगवेगळ्या मेलबॉक्स असल्या की निम्मी पत्रे चुकीच्या दिवशी चुकीच्या माणसाकडे पडून राहतात. पत्ता एकच हवा. चार्ज तोंडी दिला की विसरतो. रोज पाच ओळी लिहाव्यात: काय झाले, काय अडले, कोणाला काय कबूल केले, उद्या काय पेटेल, कुठल्या फाइलला हात लावू नये. गिऱ्हाईक किंवा हाताखालची माणसे एकाने ‘नाही’ म्हटले की दुसऱ्याच्या दिवशी येऊन तेच मागतात, अगदी मुले आईबापांकडे मागतात तसे. यावर उपाय एकच, दुसऱ्याचा निर्णय त्याला विचारल्याशिवाय फिरवायचा नाही. अप्रेझल कामाचे एकत्र आणि माणसाचे वेगळे, हे आधी ठरलेले असावे. आणि एकजण गेला तर? उरलेल्याला आधी पूर्ण तास देऊ करायचे, तो नको म्हणाला तर आठ-बारा आठवड्यांत नवा जोडीदार शोधायचा, नाही मिळाला तर त्याला दुसऱ्या अर्धवेळ जागेवर घ्यायचे. हे कलम नसले की जोडीदाराच्या राजीनाम्याबरोबर तुमचीही नोकरी लटकते.

बाहेरून शोधायचेच असेल तर

छोट्या संस्थांकडे आधी पाहावे. पंधरा माणसांच्या उद्योगाला लेखापाल हवा असतो, पण आठवड्याला वीसच तासांचा. भरतीचा, संकेतस्थळाचा, निर्यातीच्या कागदपत्रांचा माणूसही तसाच. या लोकांना पूर्णवेळ माणूस परवडत नाही आणि अर्धवेळ अनुभवी माणूस मिळतो हे त्यांना सुचलेले नसते. मोठ्या कंपन्यांत चार महिने न भरलेली जाहिरात शोधावी. इतके दिवस जागा रिकामी आहे म्हणजे शंभर टक्के काम आत्ता शून्य टक्के होते आहे. त्यापुढे साठ टक्क्यांची मागणी वेगळी दिसते. तासांचा विषय पहिल्या फोनवर काढू नये आणि नेमणुकीच्या पत्रानंतरही काढू नये. दोन्हींच्या मधली वेळ योग्य: त्यांना तुम्ही हवे आहात असे कळले आहे, पण आकडे ठरलेले नाहीत.

सही करण्याआधी

पगार कोणत्या आकड्याच्या प्रमाणात कापला आहे ते पाहा. काही ठिकाणी मूळ वेतन प्रमाणात कापतात आणि भत्ते पूर्णच काढून घेतात. पाळणाघर दिवसाप्रमाणे पैसे घेते की महिन्याचे, हेही आधीच विचारावे, कारण महिन्याचे असले तर पगार कमी होतो आणि तो खर्च तसाच राहतो. दुसरीकडे, जिथे प्राप्तिकराचा दर कमाईबरोबर चढतो तिथे पगार २० टक्के घटला तरी हातात येणारी रक्कम २० टक्क्यांहून कमी घटते.

रजा दिवसांत न मोजता तासांत मोजून घ्या. पाच दिवसांच्या आठवड्याला २० दिवस रजा म्हणजे चार आठवडे; तीन दिवसांच्या आठवड्याला १२ दिवस म्हणजेही चार आठवडे, इथपर्यंत ठीक. घोळ होतो सार्वजनिक सुट्ट्यांत. त्या सोमवारी जास्त येत असतील आणि तुम्ही सोमवारी कामावरच नसाल तर त्या तुमच्या हाती लागत नाहीत; सोमवारी कामावर असणाऱ्या सहकाऱ्याला मात्र सगळ्या मिळतात. म्हणून वर्षाला १० सुट्ट्या, प्रत्येकी ८ तास, त्याचे ६० टक्के म्हणजे ४८ तास, असे लिहून घ्यावे आणि हव्या तेव्हा वापरावे. जादा तासांचा मोबदला कुठून सुरू होतो हाही प्रश्न विचारावा. २४ तासांचा करार आहे आणि जादा दर ४० तासांनंतर लागू होतो, तर मधले सोळा तास साध्याच दराने जातात.

निवृत्तीच्या रकमा अर्धवेळ वर्षांत सगळ्यात मुकाट्याने घटतात. जिथे शेवटच्या पगारावर हिशेब होतो तिथे निवृत्तीच्या किंवा नोकरी सोडण्याच्या तोंडावर तास कमी केले तर मागची पूर्णवेळ वर्षेही कमी पगाराने मोजली जाऊ शकतात. जिथे दरमहा पगाराच्या टक्क्यांनी रक्कम साठते तिथे फक्त अर्धवेळ वर्षांचीच तूट येते, आणि पगार कमी असलेल्या काळात जोडीदाराच्या कमाईतून ती भरून काढता येते. हे बोलणे घरात करायचे असते, कचेरीत नव्हे. मूल दोघांचे असेल तर तूटही दोघांची.

शेवटचे कलम परतीचे. तास कमी करताना सगळ्यांचे लक्ष जाण्याकडे असते आणि मूल मोठे झाल्यावर पूर्णवेळ मागायला गेले की ‘आता जागा नाही’ असे उत्तर येते. जर्मनीत २००१ पासून तास कमी करण्याचा हक्क होता, पण परत येण्याचा नव्हता आणि माणसे, मुख्यतः आया, वर्षानुवर्षे अर्धवेळमध्ये अडकून पडली. २०१९ पासून ४५ हून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत एक ते पाच वर्षांच्या ठरलेल्या मुदतीसाठी तास कमी करता येतात आणि मुदत संपली की जुने तास आपोआप परत मिळतात. असा कायदा नसला तरी असे कलम कोणत्याही करारात घालता येते. त्यात परतीची तारीख, परतीचे तास आणि किती महिने आधी कळवायचे, या तीन गोष्टी आकड्यांत लिहिलेल्या असाव्यात. ‘परस्पर संमतीने’ हे दोन शब्द तिथे दिसले तर ते खोडून घ्यावेत.